मीटलोफचे भाषांतर

एका अमेरिकन कथेचे विद्यार्थ्याने केलेले भाषांतर तपासताना ‘मांसाचा पाव’ असा शब्द आला आणि मी अडखळलो. येथे ‘लोफ’ फक्त घाट सांगतो. खिमा, पावाचा चुरा, अंडे, दूध व कांदा एकत्र मळायचा, पावाच्या साच्यात थापून ओव्हनमध्ये भाजायचा आणि जरा निवल्यावर काप काढायचे. त्यातला चुरा मांसाचा रस धरून ठेवतो. शिवाय थोडे मांस अधिक ताटांना पुरवतो. 1930 च्या दशकातील मंदीत हा पदार्थ अमेरिकेत घरोघर होई तो त्यामुळेच. कथेतील टेबलावर मीटलोफ येतो तेव्हा काटकसरही सोबत येते. ‘कबाब’ हा पर्याय रुचकर खरा, पण तो त्या घराला उगाच श्रीमंत करतो.

मी स्वतः मीटलोफ केला तेव्हा मात्र त्यात चार हालापेन्यो मिरच्या बियांसकट चिरून घातल्या. मिरचीचा तिखटपणा पाण्यापेक्षा चरबीत चांगला उतरतो. त्यामुळे तो प्रत्येक कापात मुरला. मिरची तरी मूळची अमेरिका खंडातलीच. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. तेव्हा हा काही अधर्म नव्हे! परंतु कथेतल्या आईने वरून केवळ केचप लावले आहे. माझ्या स्वयंपाकघरातले स्वातंत्र्य मला तिच्या स्वयंपाकघरात घेता येणार नाही.

‘वाचकाला कळेल का?’ असे विद्यार्थ्याने विचारले. मी ‘मीटलोफ’ तसाच ठेवला आणि पुढच्या वाक्यात ‘खिम्याचे काप’ एवढेच सुचवले.