यंत्राने काय विचारावं?

धुळ्याच्या एसटी स्टँडवर एकदा आम्ही बायांशी बोलत होतो. स्वच्छतागृह, दिवे, रात्रीच्या गाड्या असे साधे प्रश्न. एकीने सगळी उत्तरं दिली, ती शेजारी बसलेल्या दिराकडे बघत. तो पाणी आणायला उठला तशी ती कागद बाजूला सारून अहिराणीत भलतंच बोलू लागली. आमच्या प्रश्नावलीत ते कुठेच बसत नव्हतं.

हे आठवायचं कारण, अशा ठिकाणी माणसांऐवजी रोबोने येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मुलाखती घ्याव्यात, असे प्रयोग आता होत आहेत. हे आपल्यापासून फार लांब नाही. जून २०२० मध्ये पुणे स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाने 'कॅप्टन अर्जुन' आणला. प्रवाशांचा ताप तपासणं, नजर ठेवणं, सूचना देणं ही त्याची कामं. मुलाखती तो घेत नव्हता. पण बोलतं यंत्र आणि कॅमेरा एकत्र आलेच की. उद्या ते भुसावळ जंक्शनवर किंवा जळगावच्या गांधीतीर्थात उभं राहिलं तर?

यंत्रापुढे कोण बोलेल, असं काहीजणी म्हणतील. माझी भीती उलटी आहे. बाया बोलतील. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' हा संवादाचा प्रोग्रॅम केला. ते निव्वळ यंत्र आहे हे ठाऊक असूनही त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! यंत्र 'तुझंच काही चुकलं असेल' म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी ७७ टक्के जणींनी ती कुणालाच सांगितलेली नव्हती. कुणालाच म्हणजे आपल्यालाही नाही. हे आधी पचवायला हवं.

पण त्याच पाहणीचा नियम आहे, की एकांत मिळाला नाही तर हिंसेचे प्रश्न विचारायचेच नाहीत. स्टँडवरच्या रोबोला दीर कळेल? बाईने 'हो, मारतो' म्हटलं तर तो तिला कुठे नेणार? तिचा चेहरा, आवाज कुणाच्या हाती जाणार? जळगावला हा प्रश्न नवा नाही. १९९४ मध्ये उघडकीला आलेल्या वासनाकांडात फोटोंच्या धाकानेच मुलींना गप्प ठेवलं होतं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची तरतूद आहे. पण गाडी सुटायच्या घाईत, दिरासमोर दिलेल्या होकाराला संमती म्हणायचं?

रोबोने गाड्यांबद्दल, संडासांबद्दल खुशाल विचारावं; चेहरे न साठवता, आणि अहिराणी समजत असेल तर. घरातलं मात्र विचारू नये. आपल्या गावात असं यंत्र येतंय हे कळलं, की त्याची प्रश्नावली आधी मागून घेऊया. ती ठरवताना किती बाया होत्या, तेही विचारूया.