घर भाड्याचं असलं तरी कागद हवाच



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत यादी ठरलेली असते: डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी, नाहीतर डी.एड.-बी.एड. या यादीत आम्हाला आणखी एक काम घालावंसं वाटतं. लोकांना घर मिळवून देणाऱ्या, मिळालेलं टिकवायला मदत करणाऱ्या कार्यकर्त्याचं.

हे काम पनवेलपासून लांब नाही. 1984 साली मुंबईत सुरू झालेल्या 'युवा' या संस्थेचं केंद्र खारघरला आहे. वस्तीतल्या माणसांचा घराचा हक्क हा तिच्या कामाचा मोठा भाग. असं काम करणारा माणूस विटा रचत नाही, कागद लावतो. घरातली प्लास्टिकची पिशवी उघडायची, कोणतं बिल कोणाच्या नावावर, कोणत्या तारखेचं, ते बघायचं. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव आधारवर मोहम्मद, रेशनकार्डावर महंमद आणि वीजबिलावर नुसतं एम. डी. असतं. अर्ज इथेच अडकतो.

भाडेकरूंची अडचण वेगळी. आडनाव ऐकून चार ठिकाणी नकार मिळाल्यावर पाचव्या ठिकाणी खोली मिळाली, की मालक नाराज होईल म्हणून आपण करारच मागत नाही. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा करारही यातून सुटत नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं असेल तर पुरावा मालकाने द्यायचा. म्हणजे करार मागणं ही कुरबुर नव्हे. त्यात दोघांचीही सोय आहे.

आम्ही शाळेत शिकवतो, म्हणून आणखी एक सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांसाठी भाड्याने राहणाऱ्या पालकांकडे नोंदणीकृत करार मागतात. साध्या कागदावर सही-अंगठा असेल तर पोराचा प्रवेश हातचा जातो.

स्वतःचं घर घेतानाही हेच लक्षात ठेवा. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकाचं घर साधारणपणे घरातल्या स्त्रीच्या नावे किंवा तिच्यासह संयुक्त नावे होतं. तेव्हा अम्मीचे, भाभीचे कागदही नीट हवेत.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. नमाज-रोज्याइतकंच हेही आपल्याला शिकवलेलं आहे.

या महिन्यात घरातले सगळे कागद एकदा समोर मांडा आणि नावं जुळतात का बघा. ज्या मुला-मुलीला हे काम आवडेल, त्यांना समाजकार्याच्या पदवीचा रस्ता दाखवा. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, निर्मला निकेतन आहे. आपल्या मोहल्ल्याला अशा माणसांची फार गरज आहे.