मनोरुग्णाचा जबाब

नागपूर-वर्धा रस्त्यावरील केळझर हे गाव टेकडीवरच्या सिद्धिविनायकाकरिता प्रसिद्ध आहे. परंतु तेथील एखाद्या घरात ज्या दिवशी कोणा कर्त्या माणसाचे मन बिघडते, त्या दिवशी देवाला नवस बोलून आणि जाणत्याचा अंगारा लावून झाल्यावर त्या घरातील माणसे त्याला घेऊन एकतर 1864 साली स्थापन झालेल्या नागपूरच्या मनोरुग्णालयाची वाट धरतात, नाहीतर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची किंवा तशाच एखाद्या जवळच्या दवाखान्याची. तो माणूस बरा होऊन परत आल्यावर ‘तेथे तुम्हांला कसे वागविले?’ असे त्याला कोणी विचारावे की नाही, आणि विचारल्यास त्याच्या उत्तराची किंमत काय धरावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या प्रश्नावर दोन पक्ष प्रबळ आहेत. एक म्हणतो, विचारूच नये. दुसरा म्हणतो, विचारावे आणि आलेल्या उत्तरांची टक्केवारी काढून भिंतीवर लावावी. आमच्या मते हे दोन्ही पक्ष सारखेच चुकीचे आहेत.

पहिल्या पक्षाचा युक्तिवाद असा की, ज्याची बुद्धीच ठिकाणावर नाही त्याच्या साक्षीला अर्थ तो काय? शेजारी आपल्या अन्नात विष कालवितात असे जो मानतो, तो परिचारिकेवरही वाटेल तो आरोप करील. हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक दिसतो, पण तो करणाऱ्यांच्याच आचरणाने खोटा ठरतो. मानसरोगाचे निदान रक्त तपासून होत नाही. ते रुग्णाच्या बोलण्यावरून, त्याने सांगितलेल्या निद्रेच्या, भयाच्या आणि भासांच्या हकिकतीवरून होते. ज्याचे बोलणे रोग ठरविण्यास पुरेसा पुरावा मानले जाते, त्याचेच बोलणे शुश्रूषा कशी झाली हे सांगू लागताच बाद व्हावे, हा न्याय कोणता? व्याधी मनाचा एक प्रांत काबीज करते, सगळे राज्य नव्हे. विषाची शंका घेणाऱ्या माणसालाही रात्री पाणी मागितले असता ते मिळाले की दरडावणी मिळाली, हे नेमके कळते. आणि त्याच्या सांगण्यात भासाचा अंश असेल तर तो वेगळा काढण्याकरिताच चौकशी असते. 1912 च्या कायद्यात मनोरुग्ण हा मुख्यतः मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने दाखल करून घ्यावयाचा इसम होता. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र चौथ्या कलमात, समजून घेण्याची आणि सांगण्याची शक्ती ज्याला आहे तो आपल्या उपचाराबद्दल निर्णय घेण्यास समर्थ आहे, असे मानले, आणि अठ्ठाविसाव्या कलमात सेवेतील उणिवांबद्दल तक्रार करण्याचा हक्क त्याला दिला. ज्याच्या फिर्यादीला कायदा मान देतो, तिला वॉर्डाने हसण्यावारी नेऊ नये.

याच पक्षाची एक पोटशाखा म्हणते, ‘आमच्याकडे तक्रारी येतच नाहीत, अर्थात रुग्ण समाधानी आहेत.’ या म्हणण्याला केळझरहून चांगले उत्तर दुसरीकडे सापडणार नाही. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, अशी या गावची परंपरागत समजूत आहे. तेथील रहिवाशांनी बकासुराशी करार करून गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पाळीपाळीने पाठविण्याची तजवीज केली होती, आणि ती तजवीज वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली होती. दफ्तर तपासणाऱ्याला त्या नगरीत पूर्ण शांतता आढळली असती. ज्या ब्राह्मणाच्या घरी पाळी आली होती त्याच्या घरातला आक्रोश कुंतीने ऐकला आणि ती उठून आत गेली व विचारती झाली, म्हणून पुढचे सर्व घडले. ज्याच्या हाती आपल्या जेवणाची, अंथरुणाची आणि सुटकेची सूत्रे आहेत, त्याच्याविरुद्ध मनुष्य सहसा बोलत नाही. त्याचे मौन हे भयाचे, संकोचाचे किंवा निराशेचे असू शकते, आणि बरेचदा खऱ्या कृतज्ञतेचेही असते. परंतु विचारल्याखेरीज यांतले कोणते, हे कोणालाही सांगता येणार नाही.

आता दुसरा पक्ष. हा नवा आहे, उत्साही आहे आणि शासनाच्या मर्जीतला आहे. केंद्र सरकारने 2016 साली ‘मेरा अस्पताल’ नावाने रुग्णांचा अभिप्राय मागविण्याची योजना काढली, तेव्हापासून समाधानाचे प्रमाण हा रुग्णालयांच्या अहवालांतला मानाचा रकाना झाला. अभिप्राय मागविणे चांगलेच. आमचा आक्षेप आहे तो रुग्णाच्या संतोषालाच सेवेची परीक्षा समजण्याला. 2012 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अधिक समाधानी रुग्णांचा खर्च अधिक, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अधिक, आणि मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले होते. त्यावरून समाधान माणसाला मारते असे कोणी म्हणणार नाही. पण खूश झालेला रुग्ण आणि नीट सांभाळलेला रुग्ण हे एकच नव्हेत, एवढे तर त्यावरून मान्य करावेच लागेल.

मनोरुग्णांच्या बाबतीत तर हे अंतर अधिकच वाढते. आत्मघाताचा विचार मनात घोळणाऱ्या माणसाजवळचे पाते काढून घेणारी, रात्रभर त्याच्या खाटेशेजारी बसून त्याला एकटे न सोडणारी, औषध टाळणाऱ्याची पुन्हापुन्हा समजूत घालणारी परिचारिका त्या घटकेला त्याला शत्रूसारखी वाटते. तिच्या पगाराचा, बढतीचा किंवा अब्रूचा निवाडा त्या घटकेच्या प्रसन्नतेवर करू म्हटले, तर ती हळूहळू कर्तव्य सोडून आर्जव करू लागेल. रुग्णालय म्हणजे कापडाचे दुकान नव्हे, की गिऱ्हाईक हसत बाहेर पडले म्हणजे व्यवहार चोख झाला. शिवाय प्रश्न कोण विचारतो हेही पाहिले पाहिजे. ज्या सिस्टरच्या कमरेला वॉर्डाची किल्ली आहे तिनेच कागद पुढे करून ‘समाधानी आहात ना?’ म्हणून पुसले, तर उत्तर काय येईल हे सांगण्यास ज्योतिषी नको.

तिसरा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे, आणि तो खुद्द परिचारिकांचाच आहे. त्या म्हणतात, एवढ्या खाटांना आम्ही इतक्या थोड्या; नोंदवह्या भरू, औषधे वाटू, की प्रत्येकाशी बोलत बसू? नागपूरच्या रुग्णालयात मंजूर खाटाच 940 आहेत. तेव्हा ही अडचण काल्पनिक नव्हे. परंतु मनुष्यबळाची तूट हे नव्या नेमणुका मागण्याचे कारण आहे, रुग्णाचे म्हणणे न ऐकण्याचे नव्हे. किंबहुना हे म्हणणे नीट नोंदले गेले तर तेच परिचारिकांच्या मागणीचे सर्वांत बळकट प्रमाणपत्र ठरेल. दुसरे असे की, रुग्ण जे मागतो त्यातले पुष्कळसे वेळ खाणारे नसते. ‘ए, इकडे ये’ न म्हणता ‘अहो भाऊ’ म्हणण्यास, सुई टोचण्यापूर्वी ती कशाची हे सांगण्यास, अंघोळीच्या वेळी आडोसा ठेवण्यास पाळी वाढवावी लागत नाही.

येथवर खंडन झाले. आता आमचा पक्ष. मानसोपचारात औषधाचे स्थान निर्विवाद आहे, पण वैद्य रुग्णापाशी काही मिनिटे असतो आणि परिचारिका तिन्ही पाळ्यांत असते. म्हणून रुग्णाच्या दृष्टीने रुग्णालय म्हणजे मुख्यतः परिचारिकाच होय. हिल्डगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेने 1952 साली आपल्या ग्रंथात परिचर्या हा दोन माणसांमधील संबंध आहे आणि तो संबंध स्वतःच उपचाराचा भाग आहे, असे प्रतिपादन केले. वर्धा जिल्ह्याला हे परक्याकडून शिकावयास नको होते. कुष्ठरोगाने पीडित झालेल्या परचुरेशास्त्र्यांना गांधीजींनी सेवाग्रामच्या आश्रमात ठेवून घेतले आणि त्यांचे अंग ते स्वतःच्या हातांनी चोळीत. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते, तरी त्या शुश्रूषेला निष्फळ म्हणण्याचे धार्ष्ट्य कोणी करणार नाही. समाजाने दूर लोटलेल्या माणसाला माणसात ठेवणे हे तिचे फळ होते, आणि मनोरुग्णाची गरजही नेमकी तीच आहे.

म्हणून रुग्णाला ‘तुम्ही समाधानी आहात काय?’ हा प्रश्न न विचारता काय घडले ते विचारावे. 2017 च्या कायद्याने प्रश्नावली जवळजवळ तयारच करून दिली आहे. तुम्हांला साखळीने बांधले होते काय? कारण पंचाण्णवाव्या कलमाने ते सर्वस्वी निषिद्ध आहे. हातपाय जखडले असल्यास मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, दुसरा उपायच नव्हता म्हणून, आणि तेवढ्यापुरतेच जखडले काय? कारण सत्त्याण्णवावे कलम यापलीकडे सवड देत नाही. सक्तीने डोके भादरले काय, गणवेश घालावयास लावला काय, खाजगीपणा राखला काय? ही सर्व विसाव्या कलमाची प्रतिष्ठा आहे. या प्रश्नांची उत्तरे आवडनिवडीची नाहीत. ती खरी किंवा खोटी असतात, आणि म्हणून त्यांची रुजवात घालता येते.

हा जबाब वॉर्डाबाहेरच्या माणसाने घ्यावा, आणि रुग्ण घरी परतल्यावर काही आठवड्यांनी, त्याच्याच ओसरीवर घ्यावा. हे अशक्य नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालला. त्यात गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघर जाऊन विषादग्रस्तांशी बोलले, आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सहापट झाले. ज्या दारात औषधाची गोष्ट काढता येते, त्याच दारात शुश्रूषेची चौकशीही करता येईल. केळझरची आशा कार्यकर्ती बाळंतिणीची खबर घेते. तिला योग्य शिक्षण आणि योग्य मोबदला दिला, तर मनोरुग्णाचीही घेईल, आणि त्याची औषधे बंद पडली आहेत काय हेही त्याच फेरीत तिला कळेल.

शेवटी, अशा जबाबावर काय होते यावरच त्याचे मोल ठरणार. एखाद्या परिचारिकेला त्यावरून शिक्षा देण्याची घाई झाली, तर उद्यापासून कोणीही खरे बोलू देणार नाही. ज्या वॉर्डातून तीच उणीव पुन्हापुन्हा येते, तेथे प्रथम परिचारिकांची संख्या, मग त्यांचे मानसोपचार-परिचर्येतील शिक्षण, आणि मग व्यक्तीची वर्तणूक, या क्रमाने तपास व्हावा. आणि त्या तपासाचा निष्कर्ष ज्याने जबाब दिला त्याला लेखी कळवावा. एवढे होईपर्यंत कोणत्याही मनोरुग्णालयाने आपल्या रुग्णांच्या समाधानाचे आकडे प्रसिद्ध करू नयेत, आणि कोणी केलेच तर सुज्ञ वाचकांनी त्यांवर विश्वास ठेवू नये.