आधी चौकटीची वही, मग संगणक

4 मुलांचे मराठी, गणित, विज्ञानाचे गुण मुलागणिक ओळीने लिहिले, की 12 आकड्यांची यादी होते. संगणक तिचा तक्ता क्षणात करतो. पण 'पायथन'मधील 'नमपाय' आडव्या ओळी भरते. 'आर' भाषा, वेगळे न सांगितल्यास, उभे रकाने भरते. मग पहिल्याचे गणिताचे गुण दुसऱ्याच्या मराठीत जातात आणि संगणक चूकही दाखवत नाही!

म्हणून आज्ञा पाठ करण्याआधी मुलांनी तक्ता वहीत मांडावा. आकडे, ओळी, रकाने 0 पासून मोजा. 7 क्रमांकाला 3 ने भागा : भागाकार 2 ही ओळ, बाकी 1 हा रकाना. एवढा भागाकार गुंजीच्या चौथीतल्या मुलालाही येतो. पालकांनी वही पाहावी. विश्वस्तांनी संगणकाच्या खोलीत फळाही लावावा.