जुनी मोटार बैलासारखी पारखून घ्या

बाजारात बैल घेताना आपण दात मोजतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो. जुनी मोटार घेताना मात्र रंगाची चकाकी पाहूनच खिशात हात घालतो. डहाणूच्या एका बागायतदार बंधूंनी विचारले आहे, "चिकूचे पैसे आले आहेत. वापीला एक जुनी डिकीची मोटार स्वस्तात मिळते. घ्यावी का?" घ्या, पण पारखून घ्या.

पहिली पारख गंजाची. डहाणू-बोर्डीच्या खाऱ्या वाऱ्यात आणि आपल्या पावसात इंजिनाआधी पत्रा जातो. पायाखालची चटई उचला, डिकीतले जादा चाक काढून खालचा खळगा पाहा, दाराखालच्या पट्टीवर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका. आवाज बोदा आला, पापुद्रे सुटले, तर गाडी सोडून द्या. वरून रंग मारता येतो. सडलेला सांगाडा मात्र पुन्हा उभा करणे परवडत नाही.

दुसरी पारख इंजिनाची. ते थंड असतानाच चालू करायला सांगा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. सतत निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल वाया जाते आहे. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसत असेल, तर ऑईलमध्ये पाणी शिरत असल्याची शंका घ्या. रेडिएटरचे झाकण इंजिन गार असतानाच उघडा. गरम असताना उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते. आतले पाणी गंजून तांबडे झाले असेल तर देखभाल झालेली नाही असे समजा.

खर्चाची रीत अशी: रेडिएटरचा रबरी पाइप शेकड्यांत येतो. तो बदलायचा राहिला आणि इंजिन तापले तर हेड वाकते. मग हेड उतरवणे, घासून घेणे, नवे गॅस्केट, हे हजारांवर जाते. काटा लाल झाल्यावरही "घर आता जवळच आहे" म्हणून गाडी रेटली, तर पूर्ण इंजिनकाम निघते आणि खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! टायमिंग बेल्टचेही तसेच. शेवटचा कधी बदलला हे कळले नाही तर घेताच बदलून टाका. काही गाड्यांत तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. शिवाय चिकूचे क्रेट डिकीत भरून खड्ड्यांतून नेलेल्या गाडीचे मागचे शॉक-अॅब्सॉर्बर दाबून पाहा. दाबून सोडल्यावर गाडी झुलत राहिली तर ते गेलेले आहेत.

शेवटची पारख कागदांची. गुजरातच्या नंबरची गाडी कायमची इकडे वापरायची तर तिथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला आणि आपल्याकडचा कर लागतो. गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. २० वर्षांवरील गाड्यांना ते २०२५ मध्ये आणखी वाढवून १०,००० रुपये केले.

तेव्हा भाव ठरवण्याआधी आपल्या भरवशाच्या मिस्त्रीला बरोबर न्या आणि त्याची दिवसाची मजुरी द्या. आणि हातातले सगळे पैसे किमतीत घालू नका. चौथा हिस्सा पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. रात्री-बेरात्री आजाऱ्याला दवाखान्यात न्यायची वेळ येते, तेव्हा वाटेत न थांबणारी गाडीच खरी स्वस्त.