‘रोमँटिक’ म्हणजे चांदणे नव्हे

आमच्या मराठी घरांत ‘रोमँटिक’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. तळ्यावरचे चांदणे, होडीत दोघे जण, काठावर वाकलेला माड. झाले रोमँटिक चित्र! हिंदी माध्यमात शिकणारी आमची मुले त्या चित्रपंथाला ‘स्वच्छंदतावाद’ म्हणतात, तेव्हा आजी दचकते. मराठीत स्वच्छंदी म्हणजे कुणाचे न ऐकणारा. माझ्या मते अर्थ आजीलाच अधिक कळला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले काही चित्रकार खरोखरच कुणाचे ऐकेनासे झाले. ग्रीक-रोमन वीर, घोटीव रेषा, तोलून मांडलेल्या आकृती हा अकादमीचा शिरस्ता. त्यांनी मात्र मनाला जे हादरवून गेले ते रंगवले. टर्नरचा समुद्र खवळलेला. फ्रीडरिशचा माणूस आपल्याकडे पाठ करून धुक्याकडे पाहत उभा.

आणि जेरिको! १८१६ साली ‘मेदूसा’ हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रुतले. कप्तान वशिल्याचा, वीसेक वर्षे समुद्रावर न गेलेला. सुमारे १४७ माणसे एका तराफ्यावर सोडून दिली गेली; तेरा दिवसांनी १५ जिवंत सापडली. जेरिकोने वाचलेल्यांना गाठले, सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करून घेतली, आणि १८१९ मध्ये सोळा फूट उंचीचे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात सरकारसमोर उभे केले. रोमँटिक चित्रकला म्हणतात ती ही.

आता आमच्या अशोका गार्डनची गोष्ट. इथल्या एका चित्रस्पर्धेचा विषय होता ‘भोपाळची रात्र’. एका मुलाने आजीच्या तोंडून ऐकलेली २ डिसेंबर १९८४ ची रात्र काढली: तोंडाला पदर लावून पळणारी माणसे, पिवळट धूर. परीक्षकांनी ते बाजूला सारून बड्या तालावच्या चांदण्याला बक्षीस दिले. का, तर ते ‘रोमँटिक’! वर, सणासुदीला दुःख कशाला, हेही ऐकवले.

निसर्गचित्राशी माझे वैर नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (निधन १९३१) कोटितीर्थाच्या काठी राहून तेच पाणी, तीच झाडे पुन्हा पुन्हा रंगवीत. पण ती त्यांनी स्वतः पाहिलेली असत, कॅलेंडरवरून उतरवलेली नव्हेत. बक्षीसपात्र तालावात तर माड होता. भोपाळच्या तालावावर माड!

नाकारलेले चित्र मी मागून घेतले आणि शाळेच्या व्हरांड्यात लावले आहे. ज्यांना आक्षेप असेल त्यांनी त्या चित्रासमोर उभे राहून तो सांगावा.