बेअरिंग बदलता येतं का, ते खोक्यावर छापा

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार
आणि भारतात वॉशिंग मशीन बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे प्रमुख



जुनं वॉशिंग मशीन गेलं, नवं कोणतं घ्यावं, असं दुकानात विचारलं की उत्तरं भराभर मिळतात. किती किलोचं, किती आरपीएमचं, वाफेची सोय आहे का, मोबाईलवरून चालू होतं का, हप्ता किती बसेल. मात्र हे किती वर्षं टिकेल आणि बिघडलं तर दुरुस्त होईल का, असं विचारलं की विक्रेता गप्प होतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं. ज्यांना ते ठाऊक आहे, आणि जे ते सांगायला भाग पाडू शकतात, ते तुम्ही आहात. म्हणून हे पत्र.

मी सोलापुरात राहते. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. त्यामुळे धुणं साठतं आणि पाण्याच्या दिवशी मशीन सकाळपासून लागोपाठ चालतं. त्यात घरोघरी सोलापुरी चादरी. भिजलेली चादर ड्रममध्ये एका बाजूला गोळा झाली की पिळताना सगळा भार तिकडेच येतो. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांच्या मशीनच्या हीटरवर क्षारांचा पांढरा थर बसतो. विजेचा दाब वरखाली होतो तो वेगळाच. मशीन इथे कसं वापरलं जातं ते हे असं आहे, आणि मराठवाड्यात किंवा विदर्भातल्या गावांत याहून फार वेगळं नसेल. माहितीपत्रकातल्या स्वच्छ, हवेशीर खोलीत एकटंच उभं असलेलं मशीन आम्ही कुणी पाहिलेलं नाही.

आमच्या फ्रंट लोड मशीनची वॉरंटी संपून काही वर्षं झाली होती. कपडे पिळायला लागलं की भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी घरघर सुरू झाली. कंपनीचा माणूस आला. त्याने ड्रम हाताने फिरवून पाहिला आणि अख्खी टब असेंब्ली बदलावी लागेल असं सांगितलं. त्याने सांगितलेला खर्च नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त होता, आणि भाग कधी येईल ते सांगता येणार नव्हतं. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण हा प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

मग गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने गॅलरीत पोतं अंथरून मशीन खोललं. मागचं पत्र्याचं झाकण काढलं, पट्टा उतरवला, पुली सोडवली. शाफ्टच्या भोवती गंजाचा तांबूस ओघळ उतरलेला होता. ऑइल सील झिजलं होतं आणि साबणाचं पाणी बेअरिंगपर्यंत पोचलं होतं. त्याने चिंधीने बेअरिंगची कड पुसली आणि त्यावरचा नंबर मला वाचायला लावला: 6205. “काकू, हे कुठंबी मिळतंय. यंत्रमागाचं सामान विकणाऱ्या दुकानात काही शे रुपयांत येतंय. पण आतलं दुसरं बेअरिंग बदलायचं तर टब खोलायला पाहिजे, आणि हा टब खोलायचा केलेलाच नाही बघा.” त्याने टबच्या कडेवरून माझं बोट फिरवलं. प्लास्टिकचे दोन अर्धे भाग वितळवून एकमेकांना कायमचे चिकटवले होते. सगळीकडून फिरलं तरी एक स्क्रू नाही. करवतीने कापून, बोल्ट मारून, सिलिकॉन भरून देतो, पण पाणी गळणार नाही याची हमी देत नाही, असं तो म्हणाला. त्याचा तो प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

आणि मग त्यानेच सांगितलं की सगळी मशिन्स अशी नसतात. काहींच्या टबचे दोन भाग मध्ये रबर गॅस्केट घालून स्क्रूने जोडलेले असतात. ते उघडतात, बेअरिंग आणि सील नवं बसतं, टब पुन्हा बंद होतो. त्या मशीनचं आयुष्य तिथून आणखी कित्येक वर्षं पुढे जाऊ शकतं. दुकानात मात्र ही दोन्ही मशिन्स शेजारी शेजारी उभी असतात, तोच पांढरा रंग, तीच काचेची दारं, जवळपास तीच किंमत. टिकणारं मशीन निवडायचं तर हाच फरक कळायला हवा, आणि नेमका तोच पत्र्याआड असतो.

कायमचा जोड का देता, याची कारणं तुमच्याकडे असतील. गळती होत नाही, जुळणी लवकर होते, खर्च वाचतो. मी इंजिनिअर नाही. ती कारणं खरी असू शकतात. तसं असेल तर जोड तसाच द्या, पण सांगून द्या. ज्या मशीनचं बेअरिंग गेल्यावर निम्म्या किमतीचा भाग बदलावा लागणार आहे, त्याची किंमत ठरवताना ग्राहकाला ते आधी माहीत असलं पाहिजे.

वॉरंटीबद्दलही हेच. मशीनच्या दर्शनी भागावर “मोटर 10 वर्षं” असा ठसठशीत स्टिकर असतो. हल्लीच्या इन्व्हर्टर मोटरी चांगल्या आहेत, त्या सहसा जात नाहीत. जातात त्या इतर गोष्टी: बेअरिंग, सील, ड्रमला मागून धरणारा ॲल्युमिनियमचा स्पायडर, ड्रेन पंप, दाराचं लॉक, आणि सगळ्यात महागडा सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी. त्यांची वॉरंटी साधारण दोनेक वर्षांत संपते. जो भाग क्वचितच बिघडतो त्याचं आश्वासन सगळ्यात मोठ्या अक्षरात, आणि जे भाग बिघडतात त्यांची मुदत आतल्या पुस्तिकेत बारीक अक्षरात, ही मांडणी ग्राहकाची दिशाभूल करते असं माझं स्पष्ट मत आहे. पीसीबीवर राळेसारखा थर ओतलेला असतो. दमट हवा आणि झुरळांपासून बोर्ड वाचावा हा हेतू रास्त आहे. पण त्या थराखालचा दहा-वीस रुपयांचा रिले गेला तरी कारागिराचा हात तिथे पोचत नाही आणि पूर्ण बोर्ड विकत घ्यावा लागतो. मग त्या बोर्डची किंमत तरी मशीन विकतानाच सांगा.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 ग्राहकाला मालाचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणं त्याच कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत बसवलं आहे. मशीन उघडतं की नाही ही महत्त्वाची माहिती नाही, असं कुणी म्हणू शकेल का? जिल्हा आयोगात जाता येतं हे मला माहीत आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही नाही. पण आयोगात माणूस फसल्यावर जातो. मला फसण्याआधीची सोय हवी आहे.

ती अशक्य नाही, हे आपल्याच देशात सिद्ध झालेलं आहे. 2006 पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित पट्ट्या आल्या आणि विजेचा हिशेब कधीच न मांडलेल्या घरांतही फ्रिज घेताना तारे मोजायला सुरुवात झाली. वॉशिंग मशीनच्या पट्टीवर वीज आणि पाणी किती लागतं तेही असतं. पाण्याच्या आकड्याची आम्हा सोलापूरकरांना मोठी किंमत आहे. त्याच पट्टीवर आणखी चार ओळी बसतील. टब उघडतो की नाही. सुटे भाग शेवटचं मशीन विकल्यापासून किती वर्षं मिळतील. बेअरिंग, पंप, दाराचं रबर आणि पीसीबी यांच्या आजच्या किमती. आणि भाग मागवल्यावर जास्तीत जास्त किती दिवसांत पोचेल.

फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून वॉशिंग मशीनवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. मशीन किती सहज उघडतं आणि भागांची किंमत काय, हे त्या गुणांत धरलं जात असे. एप्रिल 2025 पासून तिथे वॉशिंग मशीनला टिकाऊपणाचा निर्देशांक लागू झाला. युरोपीय संघात मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे मुख्य सुटे भाग किमान 10 वर्षं उपलब्ध ठेवणं आणि 15 कामकाजी दिवसांत पोचवणं बंधनकारक आहे. पण तुम्ही हा नियम जसाच्या तसा उचलू नका. ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग हे भाग सुटे किंवा एकत्र, कसेही पुरवले तरी तिथे चालतं. म्हणजे बेअरिंगसाठी अख्खी असेंब्ली गळ्यात मारायची वाट तिथेही मोकळीच राहिली आहे. आपला नियम लिहिताना बेअरिंग आणि सील सुटे मिळालेच पाहिजेत, असं स्वच्छ लिहा.

सचिव महोदय, तुमच्या विभागाने काही केलं नाही असं मी म्हणत नाही. डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. वॉरंटी खरेदीच्या नव्हे, मशीन बसवल्याच्या तारखेपासून धरा, असं 2023 च्या अखेरीस तुम्ही कंपन्यांना कळवलं. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी सप्टेंबर 2024 मध्ये समिती नेमली आणि मे 2025 मध्ये तिचा अहवाल आला. पण त्यात सुरुवात मोबाईल आणि टॅबलेटपासून आहे. मोबाईल लोक हौसेनेही बदलतात. वॉशिंग मशीन हौसेने कुणी बदलत नाही. बिघडलं आणि दुरुस्त झालं नाही, तरच ते घराबाहेर जातं. साठ-सत्तर किलोचं धूड, त्यातला सिमेंटचा ठोकळा, तांबं, स्टील, प्लास्टिक, सगळं दोन बेअरिंगांपायी भंगारात. ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांनी त्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, हे चांगलंच झालं. पण जे कचरा व्हायलाच नको होतं, त्याचं काय?

कंपनीच उरली नाही तर काय, याचाही विचार हवा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात कारखाना असलेली व्हिडिओकॉन एके काळी मराठी घराघरांत होती. 2018 मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी सुट्या भागांचे आराखडे खुले करावेत, म्हणजे लहान कारखानदार ते बनवू शकतील, अशी तरतूद नियमात घाला.

या सगळ्याचा भार कुणावर पडतो, तेही सांगते. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत भरवशाचं म्हणून मुद्दाम सेमी ऑटोमॅटिक मशीन घेतात. त्याचा टायमर, कपॅसिटर, ब्रेकची वायर, सगळं गल्लीत मिळतं आणि तासाभरात बसतं. निवड शहाणपणाची आहे. पण त्यात ओले जड कपडे एका टबातून काढून दुसऱ्यात घालावे लागतात, पुन्हा खळबळायला परत आणावे लागतात, आणि ते काम बहुतेक घरांत बाईच करते. टिकाऊपणा हवा असेल तर कंबर मोडून घ्या आणि कंबर वाचवायची असेल तर न उघडणारं मशीन घ्या, अशा पेचात आम्हाला ठेवू नका. आणि मशीन बंद पडून भाग येईपर्यंतच्या आठवड्यांत त्या चादरी कुणाच्या हाताने पिळल्या जातात, हे विचारायलाही नको. एक तर घरातली सासू किंवा सून, नाही तर धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई, त्याच पगारात.

म्हणून माझी मागणी अशी. निर्देशांकाच्या पुढच्या टप्प्यात वॉशिंग मशीन घ्या आणि त्याची तारीख जाहीर करा. कंपन्यांनी त्या तारखेची वाट पाहायची गरज नाही. जी कंपनी उद्या आपल्या खोक्यावर “टब उघडतो, बेअरिंग सुटं मिळतं” एवढं छापेल, तिचं मशीन मी घेईन आणि शेजारपाजारी सांगेन. आणि पुढची समिती नेमताना अधिकारी, कंपन्या, ग्राहक संघटना यांच्याबरोबर चार जागा गल्लीबोळांतल्या मेकॅनिकांना द्या. कोणत्या मॉडेलचं काय, कितव्या वर्षी आणि कशामुळे जातं, हे त्यांना पाठ असतं. त्यांची सुनावणी दिल्लीत इंग्रजीतून नको. सोलापूर, लातूर, अकोला अशा गावांत, मराठीतून घ्या, आणि टब उघडून टेबलावर ठेवायला सांगा.

आपली,
सोलापूरची एक ग्राहक